खाराचा बांध : पाणथळ भूमीच्या कुंपणाचा इतिहास

१

शेतास कुंपण घालणें ही गोष्ट वरकरणी इतकी साधी दिसते कीं, तिचाहि कांहीं इतिहास असूं शकेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कोंकणांत उंचवट्याच्या जमिनीवर शेतकरी दगडावर दगड रचून गडगा घालतो. दगड मिळत नसेल तेथें मेढी रोवून व कांटेरी फांद्या बांधून वई करतो. हें काम एका घरच्या माणसांच्या आटोक्यांतलें असतें. गडगा ढासळला तर गुरें आंत शिरतात, पीक खातात. नुकसान होतें तें त्या एका शेताचें, आणि दोष असतो तो त्या एका धन्याचा.

हाच शेतकरी डोंगराचा उतार सोडून खाडीकांठच्या खाजणांत उतरला म्हणजे त्याची ही सर्व विद्या निरुपयोगी ठरते. रचलेला दगड स्वतःच्याच भारानें चिखलांत उतरत जातो. रोवलेली मेढ भरतीच्या पाण्यानें सैल होऊन कलते, आणि जेथें लांकूड आळीपाळीनें भिजतें व सुकतें, नेमक्या त्याच ठिकाणीं तें कुजून मोडतें. शिवाय येथें ज्याला बाहेर ठेवावयाचें तें गुरूं नव्हे, तर दिवसांतून दोन वेळां आंत येऊं पाहणारें समुद्राचें पाणी होय. तेव्हां पाणथळ खाऱ्या भूमीवर कुंपण म्हणून जें उभें राहूं शकतें, तें एकच : त्याच भूमीच्या चिखलाचा बांध.

शेताची शीव आणि पाणी अडविण्याचा भराव या दोहोंस मराठींत ‘बांध’ हा एकच शब्द आहे, ही गोष्ट येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. हा केवळ आपल्याच भाषेचा विशेष नव्हे. मुंबईस महालक्ष्मीजवळचें मुंबई व वरळी या बेटांमधलें खिंडार गव्हर्नर विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१ ते १७८४) याच्या अमदानींत बुजविण्याचें काम झालें, आणि त्या भरावास ‘हॉर्नबी वेलार्ड’ हें नांव पडलें. आज त्या रस्त्यास लाला लजपतराय यांचें नांव आहे. ‘वेलार्ड’ हा शब्द इंग्रजी नाहीं. तो पोर्तुगीज ‘वालादो’ या शब्दाचा अपभ्रंश असावा असें विद्वानांनीं ठरविलें आहे, आणि त्या भाषेंत वालादो म्हणजे शेताभोंवतीं चर खणून त्याच मातीचा घातलेला वरंबा, अर्थात् शेताचें कुंपण. समुद्रास थोपविणाऱ्या एवढ्या मोठ्या कामाला मुंबईच्या लोकांनीं शेताच्या कुंपणाचें नांव दिलें. पाणथळ देशांत कुंपण आणि धरण हीं वेगळीं नसतात, याची ही भाषेनें दिलेली साक्ष आहे.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य इतकेंच आहे कीं, गडगा एकट्याचा असूं शकतो, पण खाराचा बांध एकट्याचा असूं शकत नाहीं. म्हणून हा बांध कोणी घालावा व त्याहूनहि अधिक म्हणजे तो पुढें कोणी राखावा, या प्रश्नाच्या उत्तरांतूनच कोंकणच्या खाजणांतील जमिनीचे हक्क निर्माण झाले. जेथें बांधाचा भार व जमिनीचा हक्क एका हातीं राहिले तेथें खार टिकला. जेथें ते वेगळे झाले तेथें पाण्यानें वाट काढली.

२

हक्काचा विचार करण्यापूर्वीं बांधाची घडण समजून घेणें अवश्य आहे. कारण हक्क त्या घडणीवरूनच ठरले आहेत.

खाजण म्हणजे भरतीच्या वेळीं बुडणारी व ओहोटीच्या वेळीं उघडी पडणारी चिखलाची जमीन. तिच्यावर तिवर, चिपी इत्यादि कांदळाचीं झाडें वाढतात. असें खाजण लागवडीस आणावयाचें तर खाडीच्या बाजूनें चिखलाचीं ढेंकळें एकावर एक रचीत भराव आणावा लागतो. ओल्या चिखलाचा भराव एकदम उंच करतां येत नाहीं. तो आपल्याच वजनानें पसरतो व खचतो. म्हणून थर घालावा, तो वाळून बसूं द्यावा, भेगा पडल्या तर त्या बुजवाव्या, आणि मग दुसरा थर चढवावा, अशी रीत आहे. भरावांत पेंढा व फांद्या घालून त्यास बळकटी आणतात. लाटांचा मारा होतो त्या अंगास दगडांची बसणी करतात.

सर्वांत अवघड काम शेवटच्या तोंडाचें. दोन्ही बाजूंनीं बांध येऊन मध्यें थोडी जागा उरली म्हणजे खाजणांतलें सारें पाणी त्या एकाच तोंडानें आंतबाहेर करूं लागतें, आणि त्याचा वेग इतका वाढतो कीं, टाकलेली माती टिकत नाहीं. यासाठीं उधाणाचे दिवस टाळून, अष्टमीच्या सुमारास भरती मंद असते त्या भांगाच्या दिवसांत, दोन भरत्यांमधल्या अवधींत हें तोंड बुजवावें लागतें. तेवढ्या वेळांत जितके हात लागतात तितके एकाच ठिकाणीं असले पाहिजेत. एका घरच्या माणसांनीं वर्षभर राबून जें होणार नाहीं, तें येथें गांवच्या माणसांनीं एका ओहोटींत करावें लागतें. बांध एकट्याचा असूं शकत नाहीं, असें वर म्हटलें तें याच अर्थानें.

तोंड बुजविलें तरी आंतील पावसाच्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट हवी. त्यासाठीं बांधांत लांकडी झडपेचें दार बसवितात. कुलाब्याकडे यास उघाडी म्हणतात, गोव्यांत मानस म्हणतात. ओहोटीस आंतल्या पाण्याच्या दाबानें झडप बाहेर उघडते, भरतीस बाहेरच्या दाबानें ती आपोआप मिटते. अशा रीतीनें कांहीं पावसाळे जमीन धुऊन निघाली म्हणजे तींत खारें भात होऊं लागतें. हें भात गोड्या जमिनीच्या भाताहून निराळें. बियाण्यास मोड आणून तें चिखलांत फेंकतात, लावणी करीत नाहींत. गोव्यांतील कोरगुट ही अशा जमिनींतील प्रसिद्ध जात होय.

बांध घातला म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. खेंकडे व उंदीर त्यास बिळें पाडतात. उन्हाळ्यांत त्यास भेगा जातात. पावसाळी उधाणांत लाटा त्याचा माथा खातात. बोटभर बिळांतून पाणी झिरपूं लागलें आणि तें वेळींच बुजविलें नाहीं, तर पुढच्या उधाणास तेथें खांड पडते. खाऱ्या पाण्याची एक भरती आंत येऊन राहिली तर पुढें दोन-तीन वर्षें त्या जमिनींत धड पीक येत नाहीं. म्हणजे बांधाला राखणदार हवा तो जवळचा, आणि दुरुस्ती हवी ती त्याच दिवशीं. पुढील सर्व इतिहास वाचतांना ही गोष्ट विसरतां कामा नये.

३

या उद्योगाचा कोंकणांतील फार जुना लेखी पुरावा गोव्यांत फोंडें महालांतील बांदोडें येथें सांपडलेल्या ताम्रपटांत मिळतो. कोंकणच्या मौर्य घराण्यांतील राजा अनिर्जितवर्मा याचा हा दानपट असून लिपीवरून तो साधारणतः इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील ठरतो. त्यांत हस्त्यार्य नांवाच्या सामवेदी ब्राह्मणास ‘खज्जन’ जमीन करमुक्त दिली आहे, आणि प्रतिग्रहीत्यानें रान तोडून, समुद्राच्या खाऱ्या पाण्यास बांध घालून ती लागवडीस आणावी असा त्याचा आशय आहे. आजचा खाजण हा शब्द तोच.

या पटावरून दोन गोष्टी निश्चित होतात. एक अशी कीं, दान जें झालें तें तयार शेताचें नव्हे; तें शेत करण्याच्या अधिकाराचें झालें. पाण्याखालच्या जमिनीस राजाच्या लेखीं कांहीं उत्पन्न नव्हतें. बांध घालणाऱ्यामुळें तिला मोल येणार होतें, म्हणून त्याला ती करमुक्त मिळाली. भार आणि हक्क यांची सांगड येथें पहिल्यापासूनच घातलेली दिसते. दुसरी गोष्ट अशी कीं, हा बांध एकट्या हस्त्यार्यानें स्वहस्तें घातला असणें शक्य नाहीं. चिखल वाहणारे हात दुसऱ्यांचे होते, आणि दानपटाच्या हक्कांत त्यांना वाटा नाहीं. हा भेदहि पुढें शेवटपर्यंत चालत आला आहे.

पुढील काळांत गोव्यांत हें काम गांवकरी संस्थेकडे आलेलें दिसतें. पोर्तुगीजांनीं १५१० त गोवा घेतल्यानंतर १५२६ मध्यें अफोन्सो मेशिया यानें गांवकऱ्यांचे रीतिरिवाज ‘फोराल’ म्हणून लेखनिविष्ट केले. गांवाची जमीन समाईक, तिचें उत्पन्न समाईक, आणि बांध, मानस, नाले यांचा खर्चहि समाईक उत्पन्नांतून, असा या व्यवस्थेचा सांगाडा होता. खाजणांत शेतें करणाऱ्यांचे ‘बोवस’ नांवाचे संघ असत. बांधाची देखरेख व दुरुस्ती हें त्यांचें काम. मानशीच्या तोंडाशीं मासे धरण्याचा हक्क लिलांवानें दिला जाई व तें उत्पन्नहि याच खर्चास उपयोगीं पडे. ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली याचें कारण गांवकऱ्यांचें औदार्य नव्हे. बांध फुटला तर ज्याचें उत्पन्न बुडणार, त्याच्याच हातीं दुरुस्तीचा पैसा होता, हें तिच्या टिकाऊपणाचें कारण होय.

४

आतां उत्तरेकडे कुलाब्याच्या खाड्यांकडे वळूं. आजच्या रायगड जिल्ह्यांतील अलीबाग व पेण या तालुक्यांत धरमतरच्या खाडीलगत जो सखल टापू आहे, त्यांतील मोठा भाग खारेपाट या नांवानें ओळखला जातो. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत येथील खारांचे दोन वर्ग सांगितले आहेत : शिलोत्री आणि कुळारग. हा भेद जमिनीच्या कसावर केलेला नाहीं, धाऱ्याच्या दरावरहि नाहीं. तो केवळ बाहेरचा बांध कोण राखतो यावर केलेला आहे.

शिलोत्री खारांत बाहेरचा बांध घालण्याची व राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदार नांवाच्या एका मातबर असामीची असे. पेशवाईंत अशा गृहस्थांनीं सरकाराशीं करार करून खाजणें बांधून काढलीं. या श्रमाबद्दल त्यांस कुळांकडून धाऱ्याव्यतिरिक्त बिघ्यामागें ठराविक भात मिळे. त्यास शिलोत्री मण म्हणत. आंतले लहान बांध कुळांनीं आपापले घालावे, बाहेरचा बांध शिलोत्रीदारानें. कुळारग खारांत असा मध्यस्थ नव्हता. तेथें कुळांनींच एकत्र होऊन खाजण बांधलें व बाहेरच्या बांधाची दुरुस्तीहि ते एकजुटीनें करीत.

पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास प्रथम सूट द्यावी व धारा क्रमाक्रमानें चढवीत न्यावा, हा इस्ताव्याचा कौल मराठी राज्यांत सर्वत्र रूढ होता. खाजणासारख्या जमिनीस तर त्यावांचून कोणी हात लावला नसता. इंग्रजी अमलांतहि हेंच तत्त्व कायम राहिलें : भरतीखालची जमीन बांधून काढणाऱ्यास पहिलीं १० वर्षें धारा माफ व पुढील २० वर्षें हलका दर, अशी मुंबई इलाख्यांतील नियमांची तरतूद होती. मुंबई बेटांत ‘फोरास’ जमिनींचा वर्ग निर्माण झाला तोहि सखल जमिनी लागवडीस आणविण्याच्या अशाच धोरणांतून, आणि त्यांवरील हक्कांचा उलगडा करण्यास १८५१ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

शिलोत्री मणाचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. हा खंड नव्हे व धाराहि नव्हे. हें बांध राखण्याचें वेतन आहे. जोंवर बांध उभा व उघाडी चालती, तोंवर तें वेतन न्याय्य. परंतु वेतन पिढीजाद झालें म्हणजे तें घेणाऱ्यास तें जमिनीच्या मालकीचें फळ वाटूं लागतें, आणि देणाऱ्यासहि तें कशाबद्दल द्यावयाचें याचा विसर पडतो. कर्तव्याबद्दल मिळालेला हक्क कर्तव्यावांचून चालूं राहणें ही आपल्याकडील वतनांची जुनी कहाणी आहे. शिलोत्रीस ती लागू पडत नाहीं असें मानण्यास आधार नाहीं.

कुळारग पद्धत म्हणजे सुवर्णयुग होतें असेंहि समजूं नये. खारांत सर्वांचीं शेतें एका पातळीवर नसतात. बांधालगतच्या शेतकऱ्यास खांडीची धास्ती रात्रंदिवस असते. गांवालगतच्या उंच शेताच्या धन्यास ती तितकीशी नसते. पहिला रात्रीं कंदील घेऊन बांधावर फिरतो, दुसरा वर्गणीच्या वेळीं सबबी सांगतो. समाईक कुंपणाचें बळ हें त्याच्या सर्वांत आळशी धन्याच्या बळाइतकेंच असतें. तथापि कुळारगांत एक गुण होता : खांड पडली तर बुजविणारे हात जागेवर होते, आणि ते आपल्याच शेतासाठीं राबत होते.

५

विसाव्या शतकांत या सांगडीस ताण बसला तो खंडाच्या प्रश्नावरून. अलीबागजवळच्या खारेपाटांत चरी येथें १९३३ सालीं खोत व सावकार यांच्याविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. १९३४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं चरीस येऊन शेतकऱ्यांच्या परिषदेस मार्गदर्शन केलें. सुमारें सहा वर्षें कुळांनीं खोतांचीं शेतें केलीं नाहींत; मासेमारी व लांकूडफाटा यांवर त्यांनीं गुजराण केली. १९३९ सालीं संप मिटला व त्याच वर्षीं मुंबई इलाख्यांत कुळांस संरक्षण देणारा कायदा झाला. ज्यांच्या पूर्वजांनीं खाजणांतला चिखल वाहिला, त्यांच्या हक्काची दखल दानपटाच्या काळापासून न घेतलेली अशी येथें प्रथमच घेतली जाऊं लागली, हें या संपाचें ऐतिहासिक महत्त्व होय.

पुढें १९४८ सालीं मुंबई राज्यांत दोन कायदे झाले. एक कुळवहिवाट व शेतजमिनींचा; दुसरा खार जमिनींचा. पहिल्यानें जमीन कसणाऱ्याकडे नेण्याचा मार्ग खुला केला. १९४९ च्या कायद्यानें खोती संपविली. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारा मालक ठरला. दुसऱ्या कायद्यानें बांधाची योजना व देखरेख यांसाठीं सरकारी मंडळ स्थापन करण्याची तरतूद केली. त्याच्या जागीं १९७९ सालीं महाराष्ट्र खारभूमि विकास अधिनियम आला. दोन्ही कायदे आपापल्या परीनें न्याय्य व आवश्यक होते. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला कीं, हक्क एका दिशेस गेला व भार दुसऱ्या दिशेस. शिलोत्रीदार गेला, त्याबरोबर त्याचें कर्तव्यहि गेलें. बांध ‘सरकारचा’ झाला, आणि शेतकरी बांधाकडे परक्याच्या वस्तूप्रमाणें पाहूं लागला.

गोव्यांत हेंच थोडें मागाहून घडलें. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ च्या कायद्यानें कुळांस संरक्षण मिळालें, आणि गांवकरीचें वर्चस्व गेलें. बांधाची संयुक्त जबाबदारी कोणाची हा प्रश्न तेथील सरकारला ताबडतोब भेडसावला, म्हणून १९७५ सालीं कुळांच्या संघांवर ती टाकणारे नियम करण्यांत आले. विचार योग्य होता. पण मानशीच्या मासळीचें उत्पन्न जसजसें भातापेक्षां मोलाचें झालें, तसतसा खारें पाणी आंत अधिक घेण्याचा मोह वाढला. जी झडप शेत राखण्यासाठीं बसविली, तिच्याच द्वारें शेत बुडूं लागलें.

६

या विषयास आज केवळ पुराणवस्तूचें महत्त्व आहे असें कोणी समजूं नये. खांडीचें मोजमाप, खर्चाचा अंदाज, मंजुरी, निविदा या क्रमास महिने लागतात. उधाण पंधरा दिवसांनीं येतें. तेवढ्या अवधींत हातभर खांडीचा ओढा होतो. मग भरतीबरोबर तिवराचें बीं आंत येतें, कांहीं वर्षांत शेतांत कांदळवन उभें राहतें. कांदळवन किनाऱ्याचें रक्षण करतें, तें तोडणें योग्य नव्हे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानें महाराष्ट्रांत त्याच्या तोडीस मनाई आहे. म्हणजे वेळींच न बुजविलेल्या खांडीमुळें गेलेली शेती आतां कायमची जाते. पूर्वीं आजा हरला तर नातू पुन्हां बांध घालूं शके. आज ती वाट राहिलेली नाहीं.

यावर उपाय म्हणून शिलोत्रीदार परत आणावा किंवा गांवकरीची जुनी उतरंड पुन्हां उभारावी, असें कोणीहि म्हणणार नाहीं. त्या व्यवस्थांत चिखल वाहणाऱ्याचा हक्क कोणीं मानला नव्हता, हें वर दाखविलेंच आहे. परंतु त्यांतील एक तत्त्व टाकण्यासारखें नाहीं : बांधाच्या दुरुस्तीचा पैसा व अधिकार हीं बांधाजवळ राहणाऱ्याच्या हातीं असावीं. कुळारगांतील कुळांना हें कोणी शिकविलें नव्हतें. चिखलानें व भरतीनें शिकविलें होतें. आज कसणाराच मालक आहे. अर्थात् कुळारगाची जी न्याय्य बाजू, तिला लागणारी मुख्य सामग्री पूर्वींपेक्षां आजच अधिक तयार आहे. उणीव आहे ती अधिकाराची व निधीची.

शेवटीं एक विनंति. कुलाबा व ठाणें प्रांतांत प्रत्येक खारास स्वतंत्र नांव आहे. त्या नांवांत बांध घालणाऱ्याचें, देवस्थानाचें किंवा फुटलेल्या जुन्या बांधाचें स्मरण दडलेलें असणें संभवतें. खारांचे कौल, शिलोत्री मणाचे हिशेब, उघाडीच्या खर्चाच्या याद्या, बांधास माणसें लावल्याच्या टांचणी असले कागद किनाऱ्यावरील जुन्या घरांत अद्याप असतील. लढाया व तह यांचे कागद जपण्याकडे आपलें जितकें लक्ष आहे, तितकें या कागदांकडे नाहीं. खाऱ्या हवेंत कागद फार दिवस टिकत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला वेळींच करून ठेवाव्या, म्हणजे समुद्राला शेताबाहेर थोपविणाऱ्या या कुंपणाचा इतिहास खाराखारानिशीं लिहितां येईल.